नाल

रात्रपाळीला मी एकटी आणि मोजणीचं यंत्र.
पाच कळा, पाच जातींच्या.
शंभर पेशी भरल्या की ते आपणहून घंटी वाजवतं,
शाळा सुटल्यासारखी.
पुन्ता अरेनासच्या या तळघरात
एकवीस वर्षं मी त्या घंटीवर जगते आहे.

पांढऱ्या म्हणतात त्यांना. त्या पांढऱ्या नसतात.
थेंब काचेवर ओढावा, वाळू द्यावा,
जांभळा रंग पाजावा,
तेव्हा कुठे दिसायला लागतात.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर मुलांना सांगतात,
हे तुझे शिपाई.
माझा भाऊ एलिसेओ शिपाई होता.
अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात त्यानं सरहद्दीवर खंदक खणला
आणि लढाई आलीच नाही.
अजूनही फाटक वाजलं की तो झोपेतून उठून बसतो.
लिम्फोसाइट पाहिला की मला तो आठवतो:
अंगभर केंद्रक, बाकी माणूस थोडाच,
एका जुन्या गोवराची चाहूल उशाशी घेऊन
म्हातारा होणारा.

बाकीच्यांसाठी मात्र शिपाई हा शब्द मला पटत नाही.
इथे वारा पिसाळला की रस्त्याच्या कडेनं दोर बांधतात.
माणसं दोर धरून सरकतात, पाय उचलले जातात,
टोप्या सामुद्रधुनीकडे निघून जातात,
आणि मध्येच एखादी बाई थबकते,
दोर सोडते,
दोन घरांच्या फटीतून अंग चोरून आत शिरते,
कारण आत कुणीतरी हाक मारलेली असते.
न्यूट्रोफिल असाच.
रक्ताच्या लोंढ्यात भिंतीला हात लावत गडगडतो,
कुठे कुसळ रुतलंय, कुठे काही नासतंय,
तिथे फटीतून बाहेर पडतो, खातो,
आणि परत येत नाही.
आपण पू पुसून बोळा फेकून देतो.

इतालो सहा वर्षांचा आहे.
औषधानं त्याचा आजार धुतला
आणि हाडांतलं घरदारही धुऊन नेलं.
नऊ रात्री मी त्याची काच
या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरते,
कळप हरवलेल्या मेंढपाळासारखी.
तांबड्या पेशींचं नुसतं माळरान.
एखाद-दुसरा लिम्फोसाइट, जागा.
काच संपते. घंटी वाजत नाही.

त्याचा बाप बाउदिलियो घोड्यांना नाल ठोकतो,
दक्षिणेकडच्या मेंढवाड्यांवर.
त्याच्या नखांतलं काळं कुठल्याच साबणानं जात नाही,
म्हणून तो मुलाच्या खोलीत जात नाही.
माझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसतो.
विचारत काही नाही.
दहापर्यंत मोजतो, पुन्हा एकपासून,
मला भिंतीतून ऐकू येतं.

दहाव्या रात्री, चार वाजायला आले असताना,
काचेच्या विरळ शेपटाशी
ती दिसली.
कोवळी. अजून केंद्रकाचे तुकडे पडले नव्हते,
नुसतं वाकवलेलं, दोन्ही टोकं मोकळी.
मी तेलाचा थेंब बदलला. चष्मा पुसला.
पुन्हा पाहिलं.
तीच.

नियमानं आधी डॉक्टरांना कळवायचं असतं.
मी दार उघडलं.
तो उठला, हात पाठीमागे बांधून आला,
कशालाही न शिवता
भिंगावर वाकला.
बराच वेळ वाकून राहिला.
मी सांगणार होते, ही नुकतीच मज्जेतून निघालीय,
एकीनं काही होत नाही, पण एक आली की…

"पुढच्या पायाचा," तो म्हणाला.
"काय?"
"नाल. मागचा निमुळता असतो.
हा गोल आहे. पुढच्या पायाचा."

मी कळ दाबली.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं.
घंटीला अजून पुष्कळ अवकाश होता.