हाताचं काम

सिनेमाचं नाव सांगत नाही.
तीनदा बदललं होतं, तिन्ही वेळा वाईट होतं.
शूटिंग येऊरला, एका रिकाम्या बंगल्यात,
अकरा रात्रींत अख्खा सिनेमा,
त्यातली एक रात्र बाबांची.

धुकं म्हणजे पालिकेचं डास मारायचं मशीन,
खात्यातल्या कुणा घागला बाटली देऊन आणलेलं.
म्हणून त्या स्मशानात भुतं खोकतात
आणि डास एकही नाही.
रक्त कोकमाच्या आगळाचं, वर साखर.
नायिका मरून पडली की मुंग्या लागायच्या;
नीट बघा, मेल्यावर ती दोनदा पाय खाजवते.
वटवाघूळ छत्रीच्या कापडाचं. दोरी दिसते.
दोरी ओढणाऱ्याचं कोपरही दिसतं.

बाबांचं काम हाताचं.
कबरीतून वर यायचं, बोटं फाकवायची,
मूठभर माती धरायची.
पंचाहत्तर रुपये, दोन वडापाव, घरी सोडायला टेम्पो.
वागळे इस्टेटमधली कंपनी तेव्हा चार महिने बंद होती.
लालवाणी नावाचा निर्माता टपरीवर चहा पिता पिता
बाबांच्या डाव्या हाताकडे बघत राहिला,
जिथे दोन बोटं अर्ध्यावर संपतात.
‘असाच पाहिजे,’ म्हणाला, ‘मेकअपचा खर्च वाचला.’
कंपनीनं बोटामागे पैसे दिले होते,
ह्यानं रात्रीमागे.

खड्डा खणला तर मुरूम लागला, कमरेएवढाच झाला.
बाबा आत उकिडवे, वर फळी,
फळीवर माती, फळीला भोक.
घड्याळ काढायचं राहून गेलं.
पहिल्या शॉटला एक वाजून दहा,
दुसऱ्याला पावणेबारा.
वर येता येता भूत दीड तासानं लहान झालं.

आता कळव्याच्या घरात शनिवारी रात्री
शाल्मलीची कॉलेजची टोळी फरशीवर मांडी ठोकते,
मध्ये फरसाणाची परात.
पोरांना सगळं पाठ.
पुजारी तोंड उघडायच्या आत हे बोलून मोकळे,
कोपराला शिट्ट्या, मुंग्यांना शिट्ट्या,
आणि हात आला की टाळ्या.
‘अरे, बोटं बघ! काय भंगार मेकअप!’
ओजस नावाचा एक उंच मुलगा लोळत हसतो,
‘रबर आहे रे, रबर!’
अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं,
आणि त्यालाच सगळ्यांत जास्त हशा.
शाल्मली माझ्याकडे बघत नाही.

एकदा मला राहवलं नाही. उठून दिवा लावला.
बाबा म्हणाले, ‘बंद कर. मजा जाते.’
तेच सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

नंतर मी परात घासत असताना
ओट्याला टेकून उभे राहिले.
‘प्रेसवर म्युझिक नव्हतं गं.
घाटगे म्हणत होता, सुपारी दे,
मी म्हटलं, थांब, एवढा पीस काढतो.
झालं.
ह्यात बघ, दार करकरतं, कुत्रं रडतं,
मेणबत्ती विझते, परत पेटवली की परत विझते.
उगाच एक मांजर येऊन घाबरवून जातं, सराव म्हणून.
इतकं आधी कुणी सांगितलं असतं
तर मी हात काढला नसता का?’

मी नळ बंद केला.
म्हटलं, हल्ली चांगले भयपट येतात, लावून देऊ का एखादा?
‘नको. ते फार खरं करतात,’ म्हणाले,
‘मग बघायचं कशाला?’

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.
धूर, खोकला, छत्रीचं वटवाघूळ.
ओजसनं आज दोन नवे मित्र आणलेत,
त्यांना तो आधीच सगळं सांगतोय.
बाबा सगळ्यांच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत.
‘थांबा रे, गप्प बसा, आता येईल,’ म्हणतात,
आणि चहाचा कप
डाव्या हातातून उजव्यात घेतात.