कानानं

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागल्या गल्लीत
मागाची मोडकी फ्रेम उताणी पडलेली.
इरण्णा मिस्त्री होल्डरात कांडी अडकवतात
तेवढ्यात पॉलिटेक्निकची सुगला विचारते,
मामा, वर, जिथं हवाच नाही,
तिथं पेटंल का हे?

मिस्त्री काच वर करतात.
भुवयांवर मे महिन्याचं मीठ.
"काय विचारालीस गं...
लांबून नाही पेटायचं. इथं हवा जरा हात देते,
तिथं मधे कुणीच नाही.
टेकवायचं, अन् चिकटायच्या आत
केसभर उचलायचं."

मग जळेल काय?

"लोखंडच की.
आपलीच वाफ करतंय, तिच्यावरच उभारतंय."

शेजारचे माग जेवणाला थांबलेले.
सुगला म्हणते, पण मामा, तिथं आवाज नसतो.

मिस्त्री गप्प.
सदतीस वर्षं ते कानानं जोड घालतात.
भजी तळल्यागत चर्रर्र एकसारखी आली
की जोड बसला.
फुटली, की पुन्हा.

जमिनीवरचा सुताचा चिंधाटा उचलून
त्यांनी दोन बोळे केले,
दोन्ही कानांत कोंबले,
काच खाली ओढली

आणि पहिल्यांदाच कांडी चिकटली.