विषय नाही, तरी पाठवायचे?

पेन्शनच्या कचेरीत म्हणाले, ईमेल पत्ता द्या.
मी सांगू लागलो, चोडण, माडेल वाडा,
घराशेजारी चिंच.
चिंच नको, म्हणाले.

म्हणून शनिवारी वाचनालयात त्रिवेणीसमोर बसतो.
तिचं वय एकवीस, माझी नोकरीच एकतीस वर्षं,
चोडण-रायबंदर, रायबंदर-चोडण,
दोर टाक, दोर सोड, रॅम्प उचल.
माउस हातात सुंगटासारखा उडतो.

पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, ती म्हणते.
बोटीचा नंबर चालेल का, मी विचारलं,
इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय,
पेपर वाचणाऱ्या चौघांनी माना वर केल्या.
दुसरा शोधावा लागला.
ॲटचं चिन्ह मात्र लगेच जमलं.
वेटोळं घालून ठेवलेला दोरच तो.

पहिल्याच पत्रात मला चाळीस लाख लागले.
स्पॅम, काका.
बरं. नदीतही यायचं असलं,
जलपर्णी, थर्माकोल, एकदा तर अख्खी खुर्ची.
बांबूनं बाजूला सारायचं,
तिच्याशी बोलत बसायचं नाही.

हयातीचा दाखला सोबत जोडला आहे, असं लिहिलं
आणि दाखला जोडायचाच राहिला.
बोट सुटली, मोटारी काठावर.
परत बोलवायला पाच सेकंद मिळतात म्हणे.
पाटीवाल्या फातिमेसाठी आम्ही
अर्ध्या नदीतून मागे आलो आहोत.

हे झालं सरकारी काम.

कायतान आमचा इंजिन ड्रायव्हर.
आता स्विंडनला, लेकीकडे.
बोट धक्क्याला घासली त्या दिवसाच्या चौकशीत
मी लिहून दिलं, इंजिन उशिरा मागे घेतलं.
दोर माझ्या हातून सुटला होता.
त्याची बढती गेली. तो काही बोलला नाही.
अकरा वर्षं झाली, अजून बोललेला नाही.

तीन शनिवार ते पत्र ड्राफ्टमध्ये पडून.
मी न सांगता यंत्रानं जपून ठेवलेलं,
खोडलेल्या ओळी तेवढ्या सोडून.
चौथ्या शनिवारी बटण दाबलं, तर विचारतं,
विषय नाही, तरी पाठवायचे?

विषय नाही कसा?
वरच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: दोर.

लगेच उत्तर! इंग्रजीत,
मेलर डीमन नावाच्या कुणा गृहस्थाचं.
कायतानचा भाडेकरू असेल.
मी उलट टपाली लिहिलं, तत्परतेबद्दल आभारी आहे,
तो घरी आला की एवढं कानावर घाला.

त्रिवेणीनं ओढणी तोंडात कोंबली.
मग बोट ठेवून दाखवलं:
पासपोर्टावर तो कायतानो.
शेवटचा ओ मी गिळला होता.

ओ घातला. पुन्हा पाठवलं.
या खेपेस डीमनसाहेब फिरकले नाहीत.
म्हणजे पोचलं, ती म्हणाली.
वाचलं की नाही, ते यातून कळत नाही.
उत्तर आलं तर वर तुमचाच विषय दिसेल,
फक्त अलीकडे एक 'रि' लागलेला.

साडेबाराला वाचनालय बंद.
लॉग आउट केलं, खुर्ची आत सारली,
धक्क्यावर येऊन बसलो.
नवा पोरगा दोर फेकतोय. खुंटी हुकली.
कुणी काही बोललं नाही.
तो ओढून घेतोय, ओला, जड,
हातभर हातभर,
परत फेकण्यासाठी.