कोंडवाड्याचे कलम

दारव्ह्याच्या कचेरीमागे
जिथे आज माझी झेरॉक्सची टपरी आहे
तिथे कोंडवाडा होता.
छातीइतकी भिंत, सागाचं फाटक,
फाटकाशी माझा आजा, पुंजाजी,
महिना सात रुपये.

वकिलांच्या खोलीत एक फोटो आहे.
वरच्या घड्याळात सेल घालताना शिपाई
फोटोच्या चौकटीला धरून तोल सांभाळतो.
खाली लिहिलंय : के. एस. वैरागडे, वकील,
सभासद, प्रांतिक कौन्सिल.
जन्माचं साल दिसतं.
दुसऱ्या सालावरून कसर फिरून गेली आहे.

के म्हणजे कवडू.
आधीची तीन राहिली नाहीत म्हणून
सुइणीला कवडी देऊन विकत घेतलेला.
बापाचा तेलघाणा. पोरगा बैलामागे फिरत
इंग्रजी घोकायचा,
बैल थांबला की वाक्य थांबायचं.
आजा म्हणे, म्हणून तर कोर्टातही तो
बोलता बोलता गोल फिरायचा,
अन् जज्जाची मान दुखायची.

पहिला खटला धुऱ्यावरच्या बाभळीचा.
अकरा वर्षं चालला.
सातव्या वर्षी बाभूळ वादळात पडली.
खटला उभाच.
फी म्हणून दोन्ही भावांकडून त्याला
सरपण आलं, एकाच झाडाचं.

मग निवडून आला.
छोट्या गाडीनं मूर्तिजापूर,
तिथे रात्रभर बाकावर,
उशाला कायद्याचं पुस्तक, त्यावर फेटा,
पहाटेच्या मोठ्या गाडीनं नागपूर.
नऊ वर्षांत तीनदा बोलला.
दोनदा तर एवढंच, की मागचं ऐकू येत नाही.

तिसऱ्या भाषणाचं पान
गेल्या महिन्यात माझ्या हाती आलं.
संशोधन करणारी एक पोरगी
जाडजूड अहवाल घेऊन टपरीवर आली,
काका, हे पान सरळ येईल का?
लोक स्वराज्यावर बोलत होते त्या दिवशी.
हा उठला अन् म्हशीवर बोलला.
कोंडवाड्यातलं जनावर गुन्हेगार नाही,
त्याला सनद वाचता येत नाही, धुरा दिसत नाही.
अकरा जागी कंसात छापलंय : हशा.
बाराव्या जागी काही नाही.
तिथे त्यानं कलम वाचून दाखवलं :
कोंडलेल्या जनावरास दिवसातून दोन वेळ पाणी पाजावे.

एवढंच. नऊ वर्षांचं एवढंच.

आजानं त्याला जन्मभर शिव्या घातल्या.
"लेकाच्यानं नागपुरात कायदा केला
अन् घट्टे पडले माह्या हाताले!
चाळीस ढोरं, दोन वेळ, विहीर बावीस हात.
कायदा त्याचा, दोर माह्या."
तरी कवडूजी वारला तेव्हा
आजानं सांजचं पाणी आधी पाजलं,
मग मसणात गेला. उशिरा पोचला. सरण विझत आलं होतं.

एक गोष्ट तो एकदाच बोलला, भिंतीकडे पाहत.
घाण्याचा तो बैल
कोणाच्या तरी तुरीत शिरला होता, चैत्रात.
दंडाचे पैसे जमवायला बापाला तीन दिवस लागले.
पोरगा पैसे मुठीत घेऊन फाटकाशी आला
तेव्हा बैल आडवा होता, जीभ बाहेर.
पैसे तरीही घेतले. पावती दिली.
भाषणात हे कुठंच नाही.
फाटकाशी तेव्हा कोण होतं, मी विचारलं नाही.
आजाला ती नोकरी त्याच्या बापाकडून आली होती.

पुढच्या निवडणुकीत तो एकोणीस मतांनी पडला.
कोंडवाडा गेला, विहीर बुजली,
पावसाळ्यात टपरीखालची फरशी
अजून थोडी खचते.

पान सरळ येत नव्हतं.
शिवणीजवळची अक्षरं वाकडी :
दोन वेळ पा, आणि पुढे काळा पट्टा.
मी पुस्तक उलटं ठेवलं, तळहातानं दाबून धरलं,
आजा फाटक दाबून धरायचा तसं.
खालून उजेड सरकत गेला.
पोरगी म्हणाली, आता आलं.