एकविसावं शिखर

कागदावर रेघ सरपटत येते डावीकडून,
मध्येच उठते, बसते, पुन्हा उठते.
प्रत्येक उठण्याला आम्ही शिखर म्हणतो.
बाबा हसतात. त्यांच्या लेखी शिखर म्हणजे
जिथून खेचर घसरतं
आणि सालीची मोळी दरीत जाते.

मला हवं असतं एकविसावं.
आधीची वीस मी मोजते आणि सोडून देते,
थांब्यावर न थांबणाऱ्या गाड्या सोडाव्यात तशी.
एकविसाव्यात असतो तो रेणू,
लशीत कणभर मिसळला
की रक्तातले डुलक्या घेणारे पहारेकरी ताठ उभे राहतात.

साल कियायच्या झाडाची. वसंतातच सुटते,
सप्टेंबर ते नाताळ, खोडात रस चढलेला असताना.
नंतर कोयता कितीही फिरवा,
झाड दातखीळ बसल्यासारखं गप्प.
हे एर्मोखेनेस, माझे वडील, बोटांनी सांगतात.
मौलेच्या डोंगरांत चाळीस वर्षं साल काढून
त्यांच्या अंगठ्याचा ठसा पुसला गेलाय.
दवाखान्यातलं यंत्र त्यांना ओळखत नाही.

मंगळवारी कुरियरनं कुपी आली,
कोरड्या बर्फात, करंगळीच्या पेराएवढी.
आत पांढरी चिमूट. झाड नाही, डोंगर नाही.
कुठल्याशा थंड देशात, बंद टाकीत,
खमिराला साखर पाजून करवून घेतलेली.
झाडाची जनुकं एकेक करून त्याच्यात ओवली, म्हणे.
अजून फार थोडं बनतं, फार महाग पडतं.
पण बनतं.
याक्सिचबाई म्हणाल्या, "दोन्ही लाव. जुळतंय का बघ."

लावली. आधी आमची, मग ती.
दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या
तर एकविसाव्या जागी एकच दिसत होती.
त्यांची बाकीची रेघ इस्त्री केलेली.
आमचीला टेंगळं, पुरळ, बारीक उंचवटे,
बारा कोरडी वर्षं, शेळ्यांनी ओरबाडलेले शेंडे,
कुणास ठाऊक आणखी काय.
मी त्याला अशुद्धी लिहिते. तसंच लिहायचं असतं.

रविवारी जेवताना सांगितलं.
बाबांचा पहिला प्रश्न: "फेस येतो का?"
तळाशी उरलेलं हलवून पाहिलं होतं. येतो.
"मग तेच आहे," म्हणाले आणि घेवड्याकडे वळले.
थोड्या वेळानं: "पावातलंच खमीर?"
त्याच घराण्यातलं.
"मग एदुविनाचा पाव का फुगत नाही कधी?"
आत्यानं डाव उगारला, हसली,
हसताना तिचा नवा दात चमकला,
गेल्या हंगामाच्या सालीतून बसवलेला.
किलोच्या भावाचं कुणीच काढलं नाही.

उन्हं कलल्यावर ते मला वरच्या झाडापाशी घेऊन गेले.
"ह्याला तीनदा कापलंय. परवाना होता,"
परवान्यावर जोर देत,
जणू झाडच तक्रार घेऊन आलं होतं.
छाटल्या जागी धुमारे फुटले होते, चिवट, चकचकीत.
त्यांनी एक पान चुरगळलं, टाकलं.
"म्हणजे आता हे नुसतं झाड होणार."
बरं वाटून म्हणाले की वाईट,
ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

अहवालात लिहिलं: नमुना जुळतो.
सही केली. माझे ठसे अजून शाबूत आहेत.

त्या रात्री आत्यानं पत्र्याच्या टबात साल भिजवली होती.
वास रिठ्याच्या जवळचा, कडसर, शिंक आणणारा.
मी केस पुढे घेऊन वाकले.
ती मगानं ओतत राहिली,
आणि मानेवरून, कानामागून ओघळली
पहिलं, सातवं, विसावं,
नाव न ठेवलेली सगळीच्या सगळी,
मध्येच कुठेतरी ते सोन्याच्या भावाचं एक,
कोंबड्यांच्या पायांखालून
खाली ओढ्याकडे.
"डोळे मिट," आत्या म्हणाली. "झोंबतं."