पात्याचं पाणी

जांभळी नाक्यावरून आत, भांड्यांची दुकानं संपली की
हकीमुद्दीनभाईंचं हार्डवेअर.
दारातल्या साखळ्या बाजूला सारून अप्पा शिरले.
पायरी किती उंच, ते त्यांच्या गुडघ्याला पाठ होतं.

"मिटता चाकू. साध्या पोलादाचा.
स्टेनलेस नको, ते गंजत नाही आणि ऐकतही नाही."

नऊ निघाले. जुन्या पेपरवर मांडले गेले.
मी पितळी मुठीचा उचलला, वेलबुट्टीचा.
"सुंदर आहे," म्हटलं.
"असेल," म्हणाले अप्पा.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
एकतीस वर्षं टूलरूममध्ये.
डाव्या डोळ्यात आता फक्त उजेड येतो-जातो,
उजव्यात नळीतून दिसावं तेवढंच जग.
अंगठा मात्र अजून रिटायर झालेला नाही.

नख खाचेत घातलं, ओढलं.
पहिला: "फार सैल. कुणालाही हो म्हणेल."
दुसरा नखच मोडायला निघाला.
तिसऱ्याचं पातं पूर्ण उघडून टोकाशी चिमटीत धरलं,
डावीकडे, उजवीकडे, केसभर.
"रिव्हेट रडतंय."
मला काही ऐकू आलं नाही.

चौथा कानाशी नेऊन मिटला.
टक, आणि त्यामागे
कुणी झोपेत कूस बदलावी तशी कुजबुज.
"कमान पाठीला टेकत नाही. फट आहे."
हकीमुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर चढवून तो ट्यूबसमोर धरला:
पातं आणि पट्टी यांच्यामध्ये
उजेडाची रेघ, उंदराच्या मिशीएवढी.
"साहेब," ते म्हणाले, आणि तो चाकू गल्ल्याखाली सरकवला.

गिऱ्हाईकं येत होती. बिजागऱ्या,
अर्धा किलो चुका, नळाचा वायसर.
कुणीच घाई केली नाही.

सातवा मी मोजलाही नव्हता.
शिसवी मूठ, तिच्यावर चहा सांडल्यासारखा डाग,
टोपी जराशी तिरकी.
उघडताना अर्ध्यावर थांबला,
जिन्यात मधला चौक लागतो तसा,
मग पुढे गेला.
मिटताना: टक.
आवाज जिथं पडला तिथंच राहिला.
अप्पांनी पात्यावर नखानं टिचकी मारली, ऐकलं.
"पाणी नीट दिलंय. लोहार घाईत नव्हता."

"पण हा डाग?"
"डाग तुला दिसतो. तू बघ."

चारशे वीस. वीस सोडले.
हकीमुद्दीनभाईंनी चाकू हातात दिला नाही, काउंटरवर ठेवला.
"हातोहात दिला की भांडण होतं."

तलावपाळीच्या बाकावर पेरू कापला.
आठ फोडी, सगळ्या एका मापाच्या,
आणि आठही वेळा माझा जीव
त्यांच्या अंगठ्याच्या टोकाशी बसलेला.
पात्यावर निळसर सावली चढली.
मी रुमाल काढला, तर म्हणाले, "राहू दे.
आता त्याला रंग येईल."

आता सांगते.
जुना चाकू हरवला नव्हता.
जानेवारीत बोट कापलं, तीन टाके पडले,
त्या रात्री मीच तो उचलला
आणि शिवणाच्या डब्यात, काळ्या रिळांच्या खाली ठेवला.
आठ महिने अप्पांनी घर चाचपलं.
मीही शोधत होते, पलंगाखाली वाकून,
बॅटरी लावून.

रिक्षा तीन हात नाक्याला अडली.
नवा चाकू त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.
हातात नाही, मांडीवर.
"जुन्याला तेल लावतेस ना, वासंती?
रिळांच्या डब्यात दमट असतं."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"आणि खोबरेल नको," ते म्हणाले.
"मशीनचं."