चाळीस

डब्यावर लिहिलंय पाच, मग एक इंग्रजी अक्षर, मग तीस.
ते अक्षर हिवाळ्याचं, असं पुस्तिका म्हणते.
सालू मेस्त चष्मा कपाळावर सारून विचारतो,
"हांगा हिंव खंय रे?"
कुंडईच्या शेडमध्ये जानेवारीतही पत्रा तापलेला.
आमच्याकडे हिवाळा येतो तो फक्त
न्हाणीतल्या खोबरेलाच्या बाटलीत,
पहाटे पांढरा होऊन बसतो
आणि नऊपर्यंत वितळून जातो.
म्हणजे पहिला आकडा सोड, मेस्त म्हणतो,
आपलं भांडण दुसऱ्याशी.

मागच्या रविवारी वेर्ण्याच्या सड्यावर
कोन मांडून आखलेल्या ट्रॅकवर
सहाव्या फेरीत, लांबलचक डाव्या वळणात
तेलाचा लाल दिवा लागला.
लागला म्हणण्याइतकाही नाही. पापणी हलली.
काटा एकशे चौतीसवर होता
आणि मी माझे सेकंद मोजत होतो.
कुणाला सांगितलं नाही.
रात्री उशीवर मात्र तेच वळण,
सगळं तेल उजव्या कुशीला पळालेलं,
पंप हवा गिळतोय.

फेर्मिन म्हणाला, साठ घाल, डोळे मिटून.
फोंड्याच्या दुकानात बोरकारांनी
एस्टरचा सोनेरी डबा पुढे सरकवला,
किंमत सांगताना आवाज इतका खाली आणला
जसा कुणाच्या आजाराबद्दल बोलतात.

मेस्तने खालचा बोल्ट सोडला.
काळी धार, आधी जाड, मग दोरा, मग थेंब.
बोल्टच्या चुंबकावरचं त्याने अंगठ्यावर घेतलं:
राखाडी, मऊ, काजळासारखं.
"पीठ आसा. कांटे नात."
(काटे असते तर त्याने मला चहा विचारला नसता.)
मग दोन बोटांत तेल चोळलं, हुंगलं,
आणि बोटं माझ्या नाकापाशी धरली.
पेट्रोल.
तीसचं तेल पेट्रोल पिऊन पिऊन
विसावर आलं होतं.
"दोष तेलाचो न्हय, तुजो. कितले म्हयने जाले?"
मी मोजले, आणि एक कमी सांगितला.

साठ नको, तो म्हणाला.
घट्ट तेल बारीक गल्ल्यांत शिरायला कुरकुरतं,
स्वतःच्याच घट्टपणाने तापतं.
शाफ्ट आणि बेअरिंगमध्ये केसाहून बारीक फट असते,
तिथे लोखंडाने लोखंडाला शिवायचं नाही.
तेवढ्यासाठी चाळीस. वरच्या खुणेपर्यंत, एक थेंब कमी नाही.
दोन रविवार झाले की ओतून टाक, महाग असलं तरी.
आणि सम्पमध्ये एक पत्रा आडवा लावू,
तेलाला पळायला जागाच नको.

घरी बाबांना सांगितलं. ते हसले.
त्यांचं सगळं आयुष्य एकाच पिंपातलं, पंधरा-चाळीस,
सावर्ड्याहून धक्क्यापर्यंत खनिजाच्या खेपा.
खाण बंद झाली तेव्हापासून टिप्पर मागे उभा आहे,
आरशावर मिरीचा वेल चढलाय.
डिपस्टिक ते अजून महिन्यातून एकदा ओढून बघतात.
का, ते मी विचारलेलं नाही.

या रविवारी ते सड्यावर आले,
आईसबॉक्सवर बसून राहिले, कानावर हात धरून.
आठ फेऱ्या. डाव्या वळणात दिवा झोपलेला.
वेळ मागच्यापेक्षा दोन दशांशाने वाईट.
मी आत येऊन चावीकडे हात नेला,
तर ते उठून खिडकीशी आले.
"बंद करू नको. टर्बोला दम खाऊ दे.
धक्क्यावर पोचलो की मी दोन मिनिटं तसाच बसायचो,
बार्जवाले शिव्या घालायचे."

मग त्यांनी दुसरं दार उघडलं,
माझ्या शेजारी बसले,
आणि आम्ही काट्याकडे बघत राहिलो.
एकशे एकवीस.
एकशे अठरा.